उपग्रह चित्रात शेत दिसत नाही म्हणून वनहक्क दावा नाकारला गेल्यास काय करावे?

जव्हारच्या डोंगराळ भागातील एका पाड्यावरून एका वारली तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याच्या वडिलांनी सुमारे चार एकर वनजमिनीवर वैयक्तिक वनहक्काचा दावा दाखल केला होता आणि ग्रामसभेने तो एकमताने मंजूर करून पुढे पाठवला होता. उपविभागस्तरीय समितीने तो ‘२००५ च्या उपग्रह चित्रात वहिवाट दिसून येत नाही’ एवढ्या एका ओळीत नाकारला. त्याच्या चुलत्यांचा तेवढ्याच जमिनीचा दावा मंजूर झाला, परंतु हाती आलेला पट्टा फक्त १८ गुंठ्यांचा आहे. आता बीटचा वनरक्षक ‘नाकारलेल्यांना काढून टाकण्याचा सुप्रीम कोर्टाचा हुकूम आहे, पावसाळ्याआधी जमीन मोकळी करा’ असे तोंडी सांगून गेला आहे. दाद कोठे मागायची, यंदा पेरणी करायची की नाही, आणि पाड्याने सामूहिक दावा करण्यात काही अर्थ आहे का, असे त्याचे तीन प्रश्न आहेत.

आधी हुकुमाविषयी, कारण भीतीपोटी माणसे जमीन सोडून देतात आणि सोडलेली जमीन परत कसायला मिळणे फार कठीण जाते. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, ज्यांचे दावे अंतिमतः नाकारले गेले आहेत त्यांना वनजमिनीवरून हटवावे, असा आदेश दिला होता ही गोष्ट खरी आहे. मात्र त्याच न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी तो आदेश स्थगित केला आणि दावे नाकारताना नेमकी कोणती कार्यपद्धती पाळली गेली याची माहिती राज्यांकडून प्रतिज्ञापत्रावर मागवली. वनरक्षक पहिल्या आदेशाचा आधार घेतो आणि दुसऱ्याचा उल्लेखही करत नाही, हा अनुभव तुमच्या पाड्यापुरता नाही. शिवाय तुमच्या वडिलांचा दावा अंतिमतः नाकारला गेलेलाच नाही. उपविभागस्तरीय समितीच्या निर्णयावर जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते, आणि अनुसूचित क्षेत्रात त्याच्याही पुढची एक पायरी आता उपलब्ध आहे. वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ४(५) नुसार मान्यता आणि पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वननिवासी अनुसूचित जमातीच्या किंवा इतर पारंपरिक वननिवासी कुटुंबाच्या कोणाही व्यक्तीला त्याच्या ताब्यातील वनजमिनीवरून काढता येत नाही. वनरक्षकाला याचे उत्तर लेखी द्यावे. ‘आमच्या दाव्याची प्रक्रिया अद्याप पूर्ण झालेली नाही, आपल्याकडे जमीन मोकळी करण्याचा लेखी आदेश असल्यास त्याची प्रत द्यावी’ एवढे दोन ओळींचे पत्र वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावे द्या आणि त्याची पोच घ्या. अशा पत्रानंतर तोंडी धमक्या बहुतेक वेळा थांबतात, कारण लेखी आदेश क्वचितच अस्तित्वात असतो. धाकदपटशा तरीही सुरू राहिला, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जमातीच्या व्यक्तीच्या वनहक्कांच्या उपभोगात बेकायदा अडथळा आणणे हा ॲट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा ठरतो, हे लक्षात असू द्यावे. त्या कलमाचा वापर मात्र शेवटचा उपाय म्हणून करावा, असे माझे मत आहे. दावा अजून समितीपुढे असताना फिर्यादीचा मार्ग धरला, की मूळ दाव्याची फाईल बाजूला पडते.

आता नकाराकडे वळू. वनहक्क अधिनियमाखालील २००८ च्या नियमांमध्ये ६ सप्टेंबर २०१२ रोजी मोठी दुरुस्ती झाली आणि नियम १२-अ घालण्यात आला. तुमच्या प्रकरणाचा सगळा भार या एका नियमावर उभा राहू शकतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. ग्रामसभेच्या शिफारशीत बदल करायचा असेल किंवा ती नाकारायची असेल, तर समितीने सविस्तर कारणे लेखी नोंदवली पाहिजेत. निव्वळ तांत्रिक किंवा कार्यपद्धतीच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. विशिष्ट प्रकारच्याच कागदाचा आग्रह समितीला धरता येत नाही. उपग्रह चित्रे इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येतात, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत, असे नियमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलेले आहे. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ साली अशाच नाकारलेल्या दाव्यांच्या प्रकरणात केवळ उपग्रह चित्रांवर विसंबून निर्णय करण्याची पद्धत मान्य केली नाही आणि दावे पुन्हा तपासायला लावले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला किंवा आणखी तपासणीची गरज भासली, तर समितीने दावा फेटाळायचा नसून फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत यांपैकी काहीही झालेले दिसत नाही. एका ओळीचा निर्णय या कसोटीवर टिकू नये.

परंतु निर्णय सदोष आहे एवढे दाखवून भागत नाही, कारण जिल्हास्तरीय समिती ‘ठीक आहे, कारणे सविस्तर लिहितो’ म्हणून तोच निष्कर्ष कायम ठेवू शकते. चित्रात शेत का दिसले नाही याचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल, आणि ते तुमच्याकडे आहे. सह्याद्रीच्या उतारावरील वरकस, म्हणजे भाताला न चालणारी हलकी जमीन दरवर्षी सारखी पिकत नाही. दोन-तीन वर्षे नागली, मग वरई, त्यानंतर उडीद किंवा खुरासणी, आणि पुढे काही वर्षे पड, असा तिचा क्रम असतो. भाताच्या खाचराला बांध असतात, म्हणून ते चित्रात ओळखू येते. वरकसाच्या उताराला मात्र दगडांच्या तुटक ताली तेवढ्या असतात आणि मधे राखलेली मोहाची, सादड्याची झाडे असतात. चित्र उन्हाळ्यात घेतलेले असेल, तर पड टाकलेले शेत आणि शेजारचा गवताळ माळ यांत फरक करणे प्रशिक्षित माणसालाही अवघड जाते. पावसाळ्यातील चित्र बहुधा ढगांमुळे निरुपयोगी ठरते. म्हणून समितीने वापरलेल्या चित्राची तारीख, महिना आणि त्याची स्पष्टता किती मीटरची आहे याची माहिती माहितीच्या अधिकारात उपविभागीय अधिकारी कार्यालयाकडून मागवा. त्याच अर्जात समितीच्या बैठकीचे इतिवृत्त, वन विभागाचा अभिप्राय आणि स्वतःच्या दाव्याच्या संपूर्ण संचिकेची प्रत मागा. अनेकदा असे आढळते, की निर्णय समितीने घेतलेलाच नसतो. वनपरिक्षेत्रातून आलेल्या यादीत ‘अपात्र’ असा शेरा असतो आणि समितीने त्यावर सह्या केलेल्या असतात. नियम १२-अ नुसार बीट, परिक्षेत्र किंवा तालुका पातळीवरील कोणत्याही समितीला अथवा कोणत्याही दर्जाच्या एकट्या अधिकाऱ्याला दावा नाकारण्याचा अधिकार नाही. संचिकेत असा शेरा सापडला, तर अपिलातील पहिला मुद्दा तोच असावा.

पुराव्यांची व्याप्ती नियम १३ मध्ये आहे आणि ती बहुतेकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे. शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती हे तर आहेच, पण जमीन सपाट केल्याच्या खुणा, ताली, बांध, विहीर, झोपडी, स्मशानभूमी, देवस्थान यांनाही पुरावा म्हणून स्थान आहे. दावेदाराखेरीज गावातील अन्य वयोवृद्धांचे लेखी जबाब ग्राह्य आहेत. जुन्या संस्थानांचे नकाशे आणि हक्कनोंदीही ग्राह्य आहेत. तुमचा भाग स्वातंत्र्यापूर्वी जव्हार संस्थानात होता, त्यामुळे हा मुद्दा तुमच्यासाठी केवळ पुस्तकी नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झाला असल्याने त्याआधीची बरीच कागदपत्रे ठाण्यातच शोधावी लागतात, हेही ध्यानात ठेवावे. घरात पत्र्याच्या पेटीत वन विभागाच्या जुन्या दंडाच्या पावत्या असतील, तर त्या जपून काढा. ज्या पावतीने तुमच्या आजोबांना अतिक्रमणदार ठरवले, तीच आज त्यांच्या वहिवाटीचा सरकारी शिक्क्याचा पुरावा आहे. कायद्याच्या व्यवहारात असा न्याय क्वचितच पाहायला मिळतो. अर्थात पावती नसली तरी बिघडत नाही, कारण दंडाची पावती किंवा अतिक्रमणदारांच्या यादीतील नाव नसणे हे दावा नाकारण्याचे एकमेव कारण होऊ शकत नाही, असेही नियमच सांगतो. एकाहून अधिक प्रकारचे पुरावे विचारात घ्यावेत असे नियमात असल्याने किमान दोन, शक्य तर तीन भिन्न प्रकार जोडावेत. माझा भर नेहमी जमिनीवरच्या खुणा आणि वृद्धांचे जबाब यांच्या जोडीवर असतो. जबाब मोघम नसावा. ‘अमुक यांची जमीन पूर्वापार आहे’ या वाक्याला फारसे मोल नाही. तालीचे दगड कोणी रचले, खळे कोठे होते, राब (रोपांच्या जागेवर भाजायचा पालापाचोळा) कोणत्या खाचराच्या कडेला भाजला जात असे, वाघदेवाच्या दगडापासून शेताची हद्द कोणत्या बाजूला सुरू होते, आणि गावात एखादी सर्वांच्या लक्षात राहिलेली घटना घडली त्या साली तेथे कोणते पीक होते, हे लिहिलेला जबाब उलटतपासणीतही टिकतो.

एक सूचना येथेच करतो. काही कार्यालयांतून आदिवासी दावेदारांकडे तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवासाचा पुरावा मागितला जातो. ती अट इतर पारंपरिक वननिवासींसाठी आहे. अनुसूचित जमातीच्या दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा आणि उपजीविकेसाठी वनावरील अवलंबित्व दाखवले की पुरते. तुमच्या वडिलांकडे जमातीचा दाखला असेल, तर अशा मागणीला तोच संदर्भ देऊन नकार द्यावा.

मुदतीबाबत सावध राहणे आवश्यक आहे. उपविभागस्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांत अर्ज करायचा असतो आणि समिती ती मुदत आणखी ३० दिवसांनी वाढवू शकते. मात्र निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवणे बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी लावली किंवा ग्रामसेवकाने बैठकीत नावे वाचून दाखवली, म्हणजे निर्णय कळवला असे होत नाही. तुमच्या वडिलांना सही घेऊन पत्र दिलेले नसेल, तर निर्णयाची प्रत ज्या दिवशी हातात पडेल त्या दिवसापासून मुदत मोजावी, असा मुद्दा अर्जात स्पष्ट मांडा आणि तरीही उशीर न करता अर्ज दाखल करा. अर्जदाराला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निर्णय करता येत नाही. म्हणून सुनावणीची तारीख लेखी मागा आणि वडिलांबरोबर ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीचा अध्यक्ष किंवा सचिव जाईल अशी व्यवस्था करा. जिल्हास्तरीय समितीचा निर्णय मूळ कायद्यात अंतिम मानलेला आहे. परंतु महाराष्ट्राच्या राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून १८ मे २०२० रोजी काढलेल्या अधिसूचनेने राज्यातील अनुसूचित क्षेत्रासाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपिलाची सोय झाली आहे. जव्हार अनुसूचित क्षेत्रात असल्याने ती तुम्हाला लागू आहे. त्यानंतर उच्च न्यायालयातील रिट याचिका उरते, पण खालच्या पायऱ्या न चढता थेट तेथे गेल्यास बहुधा परत खालीच पाठवले जाते.

चुलत्यांचे प्रकरण मला वडिलांच्या प्रकरणापेक्षा अधिक काळजीचे वाटते, कारण नकार मिळालेला माणूस भांडतो आणि पट्टा मिळालेला माणूस गप्प बसतो. चार एकर म्हणजे १६० गुंठे, त्यातले १८ गुंठे मिळणे हा सरळसरळ ग्रामसभेच्या शिफारशीतील बदल आहे आणि त्याला वर सांगितलेली सविस्तर कारणांची अट तितकीच लागू होते. असे का घडते, ते मोजणीच्या दिवशी शेतावर उभे राहिले की समजते. मोजणीदार यंत्र घेऊन येतो तो एप्रिल-मेच्या उन्हात. दिवसभरात त्याला अनेक शेते उरकायची असतात. तो पायथ्याच्या भातखाचराच्या बांधावरून एक फेरी मारतो, आकृती बंद करतो आणि पुढच्या शेताकडे वळतो. वरचा वरकसाचा उतार, राबाची जागा, खळे आणि झोपडीभोवतीचे परस या सगळ्यांवर त्याचे पाऊलच पडत नाही, आणि ज्यावर पाऊल पडले नाही ते क्षेत्र कागदावर येत नाही. चुलत्यांचे १८ गुंठे हे बहुधा त्यांच्या खाचराचे क्षेत्र असावे; नकाशाची प्रत मिळवून ताडून पाहा. तसे असेल, तर वनहक्क समितीने वन आणि महसूल विभागांना आगाऊ लेखी सूचना देऊन स्थळपाहणी पुन्हा करावी, संपूर्ण हद्दीवरून चालत मोजणी करावी, चतुःसीमा, वन कक्ष क्रमांक आणि खुणांचे छायाचित्र यांसह पंचनामा करावा, आणि तो ग्रामसभेच्या ठरावासह क्षेत्रवाढीच्या अर्जाला जोडावा. सूचना मिळूनही अधिकारी आले नाहीत, तर तसे पंचनाम्यात लिहावे. पट्टा स्वीकारला म्हणून उरलेल्या क्षेत्रावरचा हक्क सोडला असे होत नाही. तरीही ‘क्षेत्राबाबत हरकत राखून स्वीकारला’ अशी नोंद करून घेणे शहाणपणाचे असते. पट्ट्यावर काकूंचे नाव आहे का, हेही पाहा. कलम ४(४) नुसार विवाहित दावेदाराचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवला गेला पाहिजे. हा हक्क वारसाने पुढे जातो, मात्र विकता किंवा कोणाच्या नावे करून देता येत नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. १३ डिसेंबर २००५ नंतर ताब्यात घेतलेल्या जमिनीवर या कायद्याने हक्क मिळत नाही आणि कोणाही कुटुंबाला चार हेक्टरपेक्षा अधिक मिळत नाही. पाड्यावरील काही तरुणांनी अलीकडे जंगल साफ करून जमीन धरली असेल, तर त्यांचे दावे जुन्या दाव्यांमध्ये मिसळू नयेत. ग्रामसभा डोळे झाकून सगळेच मंजूर करते असे समितीला एकदा दिसले, की तुमच्या वडिलांसारख्या अस्सल दाव्यांकडेही त्याच संशयाने पाहिले जाते. एखादा दावा नाकारण्याचे धैर्य दाखवणाऱ्या ग्रामसभेच्या उर्वरित शिफारशींना वजन येते, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्याचबरोबर कोरमही तपासा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्याहून कमी सदस्य चालत नाहीत, उपस्थितांत किमान एकतृतीयांश स्त्रिया लागतात, आणि दाव्यांवरील ठरावाच्या वेळी किमान निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असावे लागतात. उपस्थितीच्या नोंदवहीत सह्या आणि अंगठे मोजून हे दिसले पाहिजे. ग्रामसभाही शक्यतो पाड्याची असावी. दहा-बारा पाड्यांच्या ग्रामपंचायतीची सभा वनहक्कासाठी कामाची नाही, कारण तुमच्या वडिलांच्या शेताची हद्द तिथल्या निम्म्या लोकांनी पाहिलेलीही नसते.

सामूहिक दाव्यात अर्थ आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध होकारार्थी आहे. वैयक्तिक पट्टा एका घराला शेत देतो. कलम ३(१)(झ) खालील सामूहिक वनसंसाधनाचा हक्क पाड्याला त्याच्या पारंपरिक हद्दीतील सबंध जंगलाचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार देतो, आणि तो राखीव वनातही चालतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ साली देशात सर्वप्रथम असे हक्क मिळाले. मेंढ्याचे क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर आहे. तरीही बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना कोणी द्यायचा यावर वन विभाग अडून बसला आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा तो तिढा सुटला. २०१२ च्या दुरुस्तीने हा अधिकार नियमातच आला. आता गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने बांबूच्या विक्रीतून गावातच रोजगार उभा केला आहे.

तुमच्याकडे विदर्भासारखा बांबू आणि तेंदू नाही, म्हणून सामूहिक हक्काचा फायदा नाही, असे पालघरमध्ये नेहमी ऐकू येते. ते मला पटत नाही. मोहाची फुले आणि बिया, औषधी वनस्पती, मध, गवत, ओहोळातील मासे आणि खेकडे, गुरांची चराई हे सगळे या हक्कांत मोडते. शिवाय, वरकस शेताच्या आसपासचे जंगल कोणी राखले हे सामूहिक दाव्याच्या नकाशात एकदा नोंदले गेले, की वैयक्तिक दाव्यांच्या हद्दीही आपोआप पक्क्या होतात. दावा ‘क’ नमुन्यात करावा. नकाशा काढताना शेजारच्या पाड्यांच्या वृद्धांना बरोबर घेऊन हद्द चालावी आणि जेथे दोन पाडे एकच जंगल वापरतात तेथे संयुक्त वापर म्हणून स्पष्ट लिहावे, कारण शेजाऱ्याची हरकत हीच अशा दाव्यांना सर्वाधिक रखडवते. वन विभागाची संयुक्त वन व्यवस्थापन समिती गावात आधीपासून आहे, या कारणाने दावा थांबत नाही. उलट, एखाद्या गावात सामूहिक वनसंसाधनाचा हक्क मान्य झाला नसेल, तर त्याची कारणे नोंदवण्याची जबाबदारी जिल्हास्तरीय समितीच्या सचिवांवर आहे. ती कारणे माहितीच्या अधिकारात मागितली, की कार्यालय हलते.

राहिला यंदाच्या पेरणीचा प्रश्न. पेरणी करावी. प्रक्रिया प्रलंबित असताना आहे त्या ताब्यात शेती करणे हे कलम ४(५) च्या संरक्षणात बसते, आणि एक हंगाम जमीन मोकळी राहिली तर पुढच्या पंचनाम्यात ‘वहिवाट नाही’ असे लिहायला कारण मिळते. मात्र हद्द नांगराच्या एका तासानेही वाढवू नये, नवे झाड तोडू नये, आणि राब भाजताना आग शेजारच्या जंगलात जाणार नाही याची काळजी घ्यावी, अन्यथा भारतीय वन अधिनियम, १९२७ खालील गुन्हा नोंदवण्याची आयती संधी मिळते. राब, लावणी आणि कापणी या तीनही वेळी तारखेसह छायाचित्रे काढून ती वनहक्क समितीच्या संचिकेत लावावीत. वनरक्षक पंचनाम्यावर सही मागायला आला, तर मजकूर पूर्ण वाचून घेतल्याशिवाय, स्वतःचे म्हणणे त्याच कागदावर लिहिल्याशिवाय आणि त्याचे छायाचित्र काढल्याशिवाय वडिलांना सही करू देऊ नये. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर अंगठा तर मुळीच देऊ नये.